कर्करोग रुग्णसेवेतील समन्वय पथकाचे व्यवस्थापन : 'केवट' उपक्रम आणि मुलुंड ते परळ या वाटेच्या संदर्भात

गोषवारा

कर्करोगावरील उपचार एका डॉक्टरकडून किंवा एका विभागाकडून पूर्ण होत नाहीत. निदान, शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार, आर्थिक साहाय्य आणि वेदनाशमन अशा अनेक टप्प्यांतून रुग्णाला जावे लागते. प्रत्येक टप्प्यावर तज्ज्ञ असतात. परंतु दोन टप्प्यांमधील अंतराची जबाबदारी बहुधा कोणाकडेच नसते. हे अंतर सांभाळण्यासाठी रुग्णसेवा समन्वय पथके निर्माण झाली. प्रस्तुत लेखात अशा पथकाचे व्यवस्थापन कसे असावे याचे विवेचन टाटा स्मारक केंद्राचा 'केवट' उपक्रम व मुलुंडसारख्या उपनगरातील रुग्णाचा प्रवास यांच्या आधारे केले आहे. रुग्णांची संख्या मोजण्यापेक्षा दोन टप्प्यांमधील दिवस मोजणे, हे या व्यवस्थापनाचे मुख्य सूत्र असावे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : कर्करोग, रुग्णसेवा समन्वय, केवट, परस्परावलंबन, कार्यभार, भावनिक श्रम.

१. प्रास्ताविक

भारतात २०२२ या एका वर्षात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक रुग्ण दगावले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. या मृत्यूंमागे रोग उशिरा लक्षात येणे हे एक कारण आहे, हे सर्वश्रुत आहे. तथापि, रोग लक्षात आल्यानंतर उपचार सुरू होण्यास आणि पुरे होण्यास लागणारा वेळ याकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. २०२० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात सात प्रकारच्या कर्करोगांविषयीच्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. उपचारास चार आठवडे विलंब झाल्यास मृत्यूचा धोका साधारणपणे ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. म्हणजेच एखादा रिपोर्ट वेळेवर न मिळणे, एखादी तारीख चुकणे, एखाद्या मंजुरीसाठी थांबावे लागणे या वरकरणी कारकुनी वाटणाऱ्या बाबी रुग्णाच्या आयुष्याशी निगडित असतात.

यामुळेच समन्वय हा विषय केवळ वैद्यकशास्त्राचा न राहता व्यवस्थापनशास्त्र, समाजकार्य व मानसशास्त्र यांचाही ठरतो.

२. मुलुंड ते परळ : रुग्णाची वाट

मुलुंड हे मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील मुंबईचे शेवटचे उपनगर होय. त्यापुढे ठाणे लागते. येथे महानगरपालिकेचे रुग्णालय आहे, कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे, खाजगी बहुविशेषज्ञ रुग्णालय आहे आणि गल्लोगल्ली फॅमिली डॉक्टर आहेत. असे असूनही येथील अनेक कुटुंबांची कर्करोगाची वाट अखेर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे जाते. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले हे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे आणि देशभरातील रुग्णांचा ओघ त्याच्याकडे असतो.

उदाहरणादाखल मुलुंडमधील स्तनाच्या कर्करोगाच्या एखाद्या रुग्ण महिलेचा विचार करता येईल. गाठ प्रथम फॅमिली डॉक्टर पाहतात. सोनोग्राफी व मॅमोग्राफी एका केंद्रात होते, बायॉप्सी दुसऱ्या ठिकाणी. रिपोर्ट हाती आल्यावर कुटुंब परळला जाते. तेथे केवळ छापील रिपोर्ट पुरत नाही. बायॉप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे पुनर्तपासणीसाठी लागतात. ते आणलेले नसल्यास पुन्हा मुलुंडच्या प्रयोगशाळेत जाणे आले. त्यानंतर रोग किती पसरला आहे हे पाहण्यासाठी स्कॅन, हृदयाची तपासणी, रक्ताच्या चाचण्या. मग प्रथम केमोथेरपी की प्रथम शस्त्रक्रिया, हा निर्णय. बहुधा दर २१ दिवसांनी केमोथेरपी, प्रत्येक वेळी आधी रक्ताची तपासणी, त्यानंतर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि काही रुग्णांना पुढील पाच किंवा अधिक वर्षे गोळ्या.

या वाटेवर आणखी एक समांतर वाट असते, ती कागदपत्रांची. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली उपचारांपूर्वी मंजुरी घ्यावी लागते. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या या योजनेचे नाव २०१७ मध्ये बदलले. २०२३ च्या शासननिर्णयाने तिची मर्यादा प्रतिकुटुंब प्रतिवर्ष दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली आणि ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचे ठरले. अंगीकृत रुग्णालयांत रुग्णाला मार्गदर्शन करण्यासाठी 'आरोग्यमित्र' नेमलेले असतात. बाहेरगावहून येणाऱ्या कर्करोगग्रस्तांना रेल्वेभाड्यात सवलत मिळते आणि उपनगरी गाडीत दिव्यांगांच्या राखीव डब्यातून त्यांना प्रवास करता येतो. मात्र या प्रत्येक सोयीसाठी विशिष्ट दाखला किंवा कागद लागतो आणि तो कोठे मिळतो हे आजारी माणसाला ठाऊक असतेच असे नाही.

या सर्व टप्प्यांवर काम करणारी माणसे आपापले काम नेटाने करीत असतात. प्रयोगशाळेने रिपोर्ट दिला, डॉक्टरांनी तपासले, खिडकीवरील कर्मचाऱ्याने तारीख दिली. तरीही रुग्णाचे पाच आठवडे निघून जाऊ शकतात, आणि त्यात कोणा एकाची चूक दाखविता येत नाही.

३. समन्वयाची संकल्पना : सैद्धांतिक बाजू

फ्रेंच व्यवस्थापनतज्ज्ञ आंरी फायोल यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या व्यवस्थापनाच्या पाच कार्यांत समन्वयाचा समावेश केला होता. पुढे जेम्स थॉम्पसन यांनी १९६७ मध्ये संघटनेतील परस्परावलंबनाचे तीन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात विभाग स्वतंत्रपणे काम करतात व त्यांच्या कामाची केवळ बेरीज होते. दुसऱ्यात एकाचे काम संपल्यावर दुसऱ्याचे सुरू होते. तिसऱ्यात कामे पुन्हा पुन्हा एकमेकांकडे येत-जात राहतात. पहिल्यासाठी नियम पुरतात, दुसऱ्यासाठी वेळापत्रक लागते. तिसऱ्यासाठी मात्र माणसांनी एकमेकांशी सतत बोलून जुळवून घेणे आवश्यक असते.

कर्करोगाचे उपचार कागदावर दुसऱ्या प्रकारचे दिसतात. प्रत्यक्षात ते तिसऱ्या प्रकारचे असतात. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घटल्या तर पुढील तारीख बदलते, ती बदलली की शस्त्रक्रियेचा दिवस बदलतो, आणि त्यामुळे मंजुरीची मुदतही पुन्हा पाहावी लागते. अशा ठिकाणी केवळ वेळापत्रक छापून देणे हे समन्वयाचे साधन ठरू शकत नाही.

डॉक्टरांच्या पातळीवर या गरजेला उत्तर म्हणून बहुविद्याशाखीय गट निर्माण झाले. टाटा स्मारक रुग्णालयात अवयवानुसार रोग व्यवस्थापन गट असून शस्त्रक्रिया, औषधोपचार, किरणोपचार, विकृतिशास्त्र आदी शाखांचे तज्ज्ञ त्यांत एकत्र निर्णय घेतात. स्कॉटलंडच्या पश्चिम भागातील १३,७२२ स्तनकर्करोग रुग्णांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असे गट सुरू झालेल्या क्षेत्रात स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू इतर क्षेत्रांच्या तुलनेने १८ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु गटाने योग्य निर्णय घेतला तरी तो निर्णय रुग्णाच्या आयुष्यात उतरविण्याचे काम उरतेच. समन्वय पथकाचे स्थान तेथे आहे.

४. हार्लेम ते 'केवट'

या कामाला स्वतंत्र रूप प्रथम अमेरिकेत मिळाले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील सार्वजनिक रुग्णालयात शल्यचिकित्सक डॉ. हॅरोल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये रुग्णांना वाट दाखविणाऱ्या कार्यकर्त्यांचा उपक्रम सुरू केला. १९८६ पर्यंतच्या तेथील स्तनकर्करोग रुग्णांपैकी ३९ टक्केच रुग्ण पाच वर्षे जगत असल्याचे आढळले होते. १९९५ ते २००० या काळातील रुग्णांत हे प्रमाण ७० टक्के झाले. या सुधारणेत अल्पखर्चिक तपासणीचाही वाटा होता, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. गरिबीमुळे येणारे अडथळे प्रत्येक रुग्णासाठी वेगळे असतात व ते एकेका रुग्णाबरोबर राहूनच दूर करता येतात, हा या उपक्रमाचा मुख्य धडा होय.

मुंबईत टाटा स्मारक केंद्राने टाटा ट्रस्ट्स व टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांच्या सहकार्याने २०१९ मध्ये 'केवट' हा उपक्रम सुरू केला. श्रीराम, सीता व लक्ष्मण यांना गंगापार नेणारा नावाडी केवट हे नाव येथे अत्यंत समर्पक आहे. पदवीधरांना एक वर्षाच्या पदविका अभ्यासक्रमाद्वारे या कामाचे प्रशिक्षण दिले जाते. रुग्णाला विभागांची माहिती देणे, तपासण्या व तारखा जुळवून देणे, आर्थिक साहाय्य व निवासाच्या सोयींपर्यंत पोहोचविणे आणि धीर देणे हे त्यांच्या कामाचे स्वरूप आहे.

वैद्यकीय पदवी नसलेली, परंतु योग्य प्रशिक्षण मिळालेली व्यक्ती कर्करोगसेवेत मोलाचे काम करू शकते, याचा मुंबईतील अनुभव याहून जुना आहे. टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख महिलांमध्ये केलेल्या दीर्घकालीन अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक आरोग्यसेविकांनी तपासणी केली होती. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

५. पथकाच्या व्यवस्थापनाची प्रमुख अंगे

५.१ कार्यक्षेत्राची निश्चिती : समन्वयकाने काय करावे याइतकेच काय करू नये हे लेखी असावे. औषधाची मात्रा, रोगाचे भवितव्य, उपचारांची निवड याविषयी त्याने मत देऊ नये. मात्र रुग्णाचा असा प्रश्न योग्य डॉक्टरांपर्यंत त्याच दिवशी पोहोचविणे हे त्याचे कर्तव्य असावे. केमोथेरपी सुरू असताना ताप आल्यास ती तातडीची बाब असते, कारण पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना जंतुसंसर्ग काही तासांत प्राणघातक ठरू शकतो. रात्री अकरा वाजता मुलुंडच्या घरात रुग्णाला ताप भरला तर कुटुंबाने परळकडे निघावे की जवळच्या रुग्णालयात जावे, कोणत्या क्रमांकावर फोन करावा, कोणता कागद बरोबर घ्यावा, याचे उत्तर पहिल्या केमोथेरपीपूर्वीच डॉक्टरांकडून निश्चित करून कुटुंबाला लेखी दिलेले असावे. ते दिले गेले की नाही, हे पाहणे पथकाचे काम आहे.

५.२ अधिकाराची रचना : फायोल यांच्या आदेशैक्याच्या तत्त्वानुसार कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावेत. समन्वयकाच्या बाबतीत हे तत्त्व सहज मोडते. डॉक्टर, परिचारिका, समाजसेवा विभाग व प्रशासन असे सर्वच त्याला कामे सांगतात आणि हळूहळू तो कागद पोहोचविणारा मदतनीस बनतो. म्हणून प्रशासकीयदृष्ट्या तो पथकप्रमुखाला उत्तरदायी असावा आणि दैनंदिन काम एका ठरावीक रोग व्यवस्थापन गटाबरोबर करावे. गटाच्या बैठकीत त्याला बसण्याचा व बोलण्याचा अधिकार असावा. रुग्णाकडे परत येण्यासाठी भाड्याचे पैसे नाहीत किंवा घरी सोबतीला कोणी नाही, ही माहिती त्याच्याजवळ असते आणि उपचारांची आखणी करताना तिचे मोल एखाद्या तपासणीच्या रिपोर्टइतकेच असते. रुग्णालयांचा अभ्यास करणाऱ्या जोडी गिटेल यांनी समन्वयाचा आधार म्हणून समान उद्दिष्ट, समान माहिती आणि परस्परांविषयी आदर या तीन गोष्टी सांगितल्या आहेत. यांतील तिसरी गोष्ट परिपत्रकाने येत नाही; वरिष्ठ डॉक्टरांच्या वागण्यातून ती पथकाला लाभते.

५.३ कार्यभाराचे वाटप : प्रत्येकाला समान संख्येने रुग्ण देणे ही वरवर न्याय्य वाटणारी, परंतु सदोष पद्धत आहे. रुग्णाच्या वाटेवर काही वळणे जोखमीची असतात : निदानानंतरचे पहिले आठवडे, एका उपचाराकडून दुसऱ्याकडे जाण्याचा काळ आणि रोग उलटल्याची बातमी. या वळणांवरील रुग्णांना अधिक वेळ लागतो. उपचार सुरळीत चाललेल्या रुग्णाला कमी. म्हणून रुग्णांची विभागणी नवे, वळणावरचे व स्थिर अशा तीन वर्गांत करून दर आठवड्याला तिचा फेरविचार करावा. एकटे राहणारे, लिहिता-वाचता न येणारे किंवा रोजंदारीवर काम करणारे रुग्ण स्थिर दिसत असले तरी त्यांची गणना वरच्या वर्गात करावी.

५.४ पुढील पावलाची नोंद : पथकाची नोंदवही साधी असली तरी चालेल, संगणकीय असल्यास उत्तम. तिच्यात प्रत्येक रुग्णापुढे तीन गोष्टी असल्याच पाहिजेत : पुढील पाऊल कोणते, ते कोणत्या तारखेला आणि ते कोणी घडवून आणायचे. यांपैकी एकही रकाना रिकामा असणे म्हणजे रुग्ण दोन विभागांच्या मधे अडकला असल्याची खूण समजावी. ठरल्या दिवशी रुग्ण आला नाही, तर दुसऱ्याच दिवशी फोन गेला पाहिजे. फोन कोणाला करावा याविषयी रुग्णाची संमती आरंभीच घ्यावी. कारण आजाराची वार्ता चाळीत किंवा सोसायटीत पसरू नये ही अनेकांची रास्त इच्छा असते.

५.५ मोजमाप : किती रुग्णांना भेटलो आणि किती फोन केले, या आकड्यांनी अहवाल भरतो; रुग्णाचे काय झाले ते त्यातून कळत नाही. किंबहुना अशा आकड्यांवर मूल्यमापन केल्यास सोपे रुग्ण अनेकदा भेटतात आणि अवघड रुग्ण मागे पडतात. त्याऐवजी पुढील चार बाबी मोजाव्यात :
(अ) पहिल्या भेटीपासून निदान पूर्ण होईपर्यंतचे दिवस;
(आ) उपचारांचा निर्णय झाल्यापासून प्रत्यक्ष उपचार सुरू होईपर्यंतचे दिवस;
(इ) चुकलेल्या तारखा आणि त्यांपैकी किती रुग्णांशी पुन्हा संपर्क झाला;
(ई) उपचार पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण.
जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या स्तनकर्करोगविषयक उपक्रमात ६० दिवसांत निदान पूर्ण होणे आणि किमान ८० टक्के रुग्णांनी शिफारस केलेले उपचार पूर्ण करणे ही उद्दिष्टे ठेवली आहेत. पथकाला आपल्या कामाची तुलना त्यांच्याशी करता येईल.

५.६ सामाजिक संस्थांशी दुवा : मुंबईत कर्करोगग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थांची परंपरा मोठी आहे. इंडियन कॅन्सर सोसायटी (१९५१), कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन (१९६९), परळची नाना पालकर स्मृती समिती, बालरुग्णांच्या कुटुंबांना निवास देणारी सेंट ज्यूड संस्था (२००६) आणि अंतिम अवस्थेतील रुग्णांसाठी वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेले शांती आवेदना सदन ही काही उदाहरणे. पथकाने या संस्थांची केवळ यादी रुग्णाच्या हाती न देता, तेथे जागा किंवा निधी आहे का हे आधी विचारून मगच रुग्णाला पाठवावे. बंद दारापुढे उभे राहिलेला रुग्ण पुढच्या दाराकडे जाईलच, याची शाश्वती नसते.

६. सत्य, कुटुंब आणि समन्वयक

'आईला काही सांगू नका' ही मुलांची विनंती मराठी घरांना नवी नाही. रुग्ण मात्र एकान्तात समन्वयकालाच विचारतो, 'मला नेमके काय झाले आहे?' या प्रश्नापुढे समन्वयकाला एकटे सोडणे हा व्यवस्थापनाचा दोष होय. निदान सांगण्याचे काम डॉक्टरांचे आहे. परंतु समन्वयकाने खोटेही बोलू नये. 'तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे, हे डॉक्टरांशी बोलू या,' असे म्हणून ती भेट घडवून आणणे आणि कुटुंबाची भीती समजून घेणे, ही मध्यम वाट प्रशिक्षणात शिकविली गेली पाहिजे. मुलुंडसारख्या उपनगरात मराठी, गुजराती, हिंदी व दाक्षिणात्य भाषा बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. म्हणून रुग्ण कोणत्या भाषेत रडतो आणि विचार करतो, याचीही नोंद पथकाने ठेवावी.

रोग बरा होण्याची शक्यता उरत नाही तेव्हा समन्वयाचे काम संपते, असा एक गैरसमज आहे. वेदनाशमन, घरी घ्यावयाची काळजी आणि जवळच्या डॉक्टरांशी सांधा जोडणे यांची गरज त्या वेळी सर्वाधिक असते. परळची वाट बंद झाली तरी मुलुंडमधील घर उघडे असते. त्या घरापर्यंत सेवा पोहोचविणे हेही पथकाचेच काम होय.

७. पथकातील माणसे

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली. कामाचा भाग म्हणून स्वतःच्या भावना आवरून दुसऱ्याला धीर देणे हेही श्रम आहेत आणि ते थकवितात, असा तिचा आशय. समन्वयक अनेक महिने ज्या रुग्णाच्या तारखा जुळवितो, त्याच्या मृत्यूची बातमी त्याला पुष्कळदा न उचललेल्या फोनवरून कळते, आणि पुढच्याच मिनिटाला नवा रुग्ण समोर उभा असतो. यासाठी आठवड्यातून एकदा पथकाने एकत्र बसून गेलेल्या रुग्णांविषयी बोलणे, बालरुग्ण व अंतिम अवस्थेतील रुग्णांच्या कामात ठरावीक काळाने बदल करणे, हक्काची रजा आणि समुपदेशन या सोयी पदाचा भाग म्हणून असाव्यात. अल्पमुदतीच्या करारावर व तुटपुंज्या वेतनावर नेमलेली माणसे अनुभव येताच निघून जातात; त्यांच्याबरोबर रुग्णांशी जुळलेला विश्वासही जातो. बढतीची शिडी नसलेल्या पदावर सातत्याची अपेक्षा ठेवता येत नाही.

८. समन्वयाच्या मर्यादा

समन्वय पथक नवीन खाटा निर्माण करू शकत नाही, किरणोपचाराची यंत्रे वाढवू शकत नाही. रांगच सहा आठवड्यांची असेल, तर समन्वयक रुग्णाला ती नीट समजावून सांगेल किंवा दुसऱ्या केंद्राचा पर्याय शोधेल. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात आज तीनशेहून अधिक केंद्रे व संस्था आहेत. त्यामुळे असे पर्याय पूर्वीपेक्षा वाढले आहेत. तरीही येथे एक धोका संभवतो. गोड बोलणारे पथक नेमले की तक्रारी कमी होतात आणि मूळ कमतरता तशीच राहते. अशा वेळी पथक हे व्यवस्थेच्या उणिवांवर घातलेले पांघरूण ठरते.

हा धोका टाळण्याचा उपाय पथकाच्या नोंदवहीतच आहे. रुग्ण कोठे, किती दिवस आणि कोणत्या कारणाने थांबले, याचा मासिक गोषवारा रुग्णालयाच्या निर्णय घेणाऱ्या समितीपुढे गेला पाहिजे, आणि त्यावर काय केले हे समितीने पथकाला कळविले पाहिजे. तीस रुग्ण एकाच खिडकीपाशी अडकत असतील, तर तीस वेळा वाट काढून देण्यापेक्षा ती खिडकी सुधारणे श्रेयस्कर.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, कर्करोग रुग्णसेवेतील समन्वय हे सौजन्याचे पूरक काम नसून उपचारांचाच एक भाग आहे. त्याचे व्यवस्थापन करताना कार्यक्षेत्राची स्पष्टता, गटाच्या बैठकीतील स्थान, अडचणींनुसार कार्यभार, पुढील पावलाची नोंद, दिवसांचे मोजमाप आणि पथकातील माणसांची काळजी या सहा बाबी अत्यावश्यक ठरतात. मुलुंडमध्ये गाठ लक्षात येण्याचा दिवस आणि परळमध्ये उपचार सुरू होण्याचा दिवस यांच्या मधले प्रत्येक अंतर कोणाच्या तरी नावावर लिहिलेले असावे, एवढीच या व्यवस्थापनाची किमान अपेक्षा आहे. केवटाला नदीचे पाणी कमी करता येत नाही. पण नाव कोठे लागते, पाणी कोठे खोल आहे आणि पैलतीरावर कोण वाट पाहत आहे, हे त्याला ठाऊक असावे लागते. त्याच्या हाती वल्हे देणे हे संस्थेचे काम आहे.